वहीवरचे कुंकू आणि वहीतला हिशेब

आश्विन अमावास्येच्या प्रदोषकाळी लक्ष्मीपूजन जसे घरोघर होते, तसेच ते पेढीवर, दुकानात आणि कारखान्याच्या कचेरीतही होते. चौरंगावर तांदळाची रास, तीवर कलश, शेजारी नवी केरसुणी, साळीच्या लाह्या व बत्तासे, आणि देवीच्या पुढ्यात लाल कापडात गुंडाळलेली कोरी वही. पहिल्या पानावर श्रीकार काढावयाचा, स्वस्तिक रेखावयाचे, एका अंगाला 'शुभ' व दुसऱ्या अंगाला 'लाभ' लिहावयाचे आणि हळदकुंकू वाहावयाचे. कीर्तनाच्या निमित्ताने कृष्णाकाठ सोडून मुंबईच्या उपनगरांत येण्याचा आमचा परिपाठ फार वर्षांचा आहे. घाटकोपरच्या धान्यपेढ्यांवर आणि मुलुंडच्या सराफी दुकानांत हे वहीपूजन आम्ही पुष्कळदा पाहिले, क्वचित पुरोहित वेळेवर न आल्यामुळे स्वतः सांगितलेही.

आता काळ पालटला आहे. प्राप्तिकराच्या कायद्याने १९८९ पासून सर्वांचे हिशेबी वर्ष मार्चअखेर संपू लागले, त्यामुळे दिवाळीची वही ही वर्षारंभाची वही राहिलेली नाही. हिशेब संगणकात गेला. कित्येक ठिकाणी ताळेबंदाचा एक छापील कागद चौरंगावर ठेवून त्यालाच अक्षता वाहतात. त्याबद्दल आमची मुळीच तक्रार नाही. कागद लाल कापडातला असो की यंत्रातून निघालेला असो, त्यावर लिहिलेले खरे असले म्हणजे देवीला तो चालतो. अडचण येते ती दुसरीकडेच. कुंकू पहिल्या पानावर वाहिले जाते आणि खोटे लिहिले जाते ते आतल्या पानांत.

'बुवा, कीर्तनकाराने बँका आणि कारखाने यांच्या भानगडीत का पडावे?' असे काही सुज्ञ श्रोते आम्हांस विचारतात. त्यांना आम्ही महाभारताचे शांतिपर्व उघडून दाखवितो. जाजली नावाचा ब्राह्मण इतका निश्चल तप करीत राहिला की त्याच्या जटांत पक्ष्यांनी घरटे केले, अंडी घातली, पिले उडून गेली. आपल्यासारखा धर्मज्ञ कोणी नाही असे त्यास वाटू लागताच आकाशवाणी झाली की, वाराणसीत तुलाधार नावाचा वाणी आहे, त्याची सर तुला नाही. जाजली तेथे गेला तर तुलाधार दुकानात बसून सुगंधी द्रव्ये आणि रस विकत होता. मद्य तेवढे तो विकत नसे. त्याने त्या तपस्व्यास धर्म समजावून दिला, आणि तो कशाच्या आधारे दिला? आपल्या हातातल्या तराजूच्या आधारे! मित्र असो वा परका असो, काटा सर्वांना सारखा. व्यासांनी हा उपदेश ऋषीच्या मुखी न घालता दुकानदाराच्या मुखी घातला, ही गोष्ट आम्हां शास्त्री मंडळींनी विसरण्यासारखी नाही. आणि आपले तुकोबाराय तरी कोण होते? महाजनकी असलेल्या, सावकारीचा व्यवहार असलेल्या वाण्याच्या घरातले. तेव्हा व्यापारातला धर्म हा परमार्थाच्या उंबऱ्याबाहेरचा विषय आहे, असे निदान मराठी माणसाने तरी म्हणू नये.

आता ज्या प्रकरणाने या उपनगरांतील घरांच्या चुली अक्षरशः थंड केल्या, त्याकडे वळू. भांडुपला मुख्य कचेरी असलेली पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक ही १९८४ साली शीव येथे एका लहानशा शाखेने सुरू झाली आणि पस्तीस वर्षांत तिच्या शाखा १३७ झाल्या. मुलुंड, भांडुप, अंधेरी, बोरिवली येथील निवृत्त माणसे, रिक्षावाले, छोटे दुकानदार, शिकवण्या घेणाऱ्या बायका आणि गृहनिर्माण सोसायट्या यांनी तिच्यात ठेवी ठेवल्या. बँक सकाळी लवकर उघडे, रविवारीही काही शाखा चालत, खिडकीवरचा माणूस नावानिशी ओळखे. लोक विश्वास ठेवतात तो अशाच गोष्टींवर ठेवतात. ताळेबंद वाचून ठेव ठेवणारा मनुष्य आम्ही अद्याप पाहिलेला नाही.

२३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व बँकेने या बँकेवर निर्बंध घातले. दुसऱ्या दिवशी सकाळी शाखांच्या बंद दारांपुढे रांगा लागल्या. सहा महिन्यांत एका खात्यातून केवळ १,००० रुपये काढता येतील असा तो हुकूम होता. पितृपक्ष चालू होता, घटस्थापना पाच दिवसांवर होती. पुढे ती मर्यादा १०,००० वर, मग २५,००० वर, आणि ऑक्टोबरच्या मध्यास ४०,००० वर आली. त्या वर्षीचे लक्ष्मीपूजन कित्येक घरांत असे झाले की देवीपुढे ठेवलेले पासबुक हे नाणे नव्हते, निव्वळ कागद होता. त्याच महिन्यात अंधेरी आणि मुलुंड येथील ठेवीदारांच्या मृत्यूच्या बातम्या लागोपाठ आल्या. ठेवींवरचे विमासंरक्षण त्या वेळी अवघे एक लाखाचे होते, ते ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांचे झाले. २५ जानेवारी २०२२ रोजी ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांपर्यंतच्या ठेवीदारांची सोय लागली. त्यावरच्या रकमा मात्र दहा वर्षांपर्यंतच्या हप्त्यांत विभागल्या गेल्या. सत्तरीच्या माणसाला दहा वर्षांचा हप्ता सांगणे म्हणजे काय, हे ज्याचे त्याने समजावे.

हे झाले कसे? बँकेने दिलेल्या एकूण कर्जांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक रक्कम, म्हणजे ६,००० कोटींहून जास्त, एचडीआयएल या बांधकाम व्यवसायातील एकाच समूहाकडे गुंतली होती. ती वसूल होत नव्हती. ती थकबाकी थकबाकी म्हणून दाखवावयाची नाही म्हणून २१,००० हून अधिक खोटी खाती उभी करून त्यांच्या नावांवर ती वाटून टाकण्यात आली, असे तपासात निष्पन्न झाले. इकडे २०१८-१९ च्या अहवालात सुमारे शंभर कोटींचा नफा झळकत होता. फौजदारी दोष कोणाचा व किती, हा निवाडा न्यायालयाचा आहे, आमचा नव्हे. पण बँकेच्या तेव्हाच्या व्यवस्थापकीय संचालकांनी रिझर्व बँकेस लिहिलेले जे पत्र त्या दिवसांत वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले, त्याने आम्हांस अनेक रात्री विचार करावयास लावले.

वाचकहो, त्या पत्रात आम्ही लोभाची कथा शोधत होतो. सापडली ती कृतज्ञतेची. त्यात असे म्हटले होते की, बँक लहान असताना अडचणीत आली तेव्हा याच समूहाने तिला पैसा पुरविला, आणि पुढे एकदा ठेवीदारांची धांदल उडाली तेव्हाही याच समूहाने मोठी ठेव ठेवून तिला सावरले. मग त्या समूहाला वाईट दिवस आले तेव्हा बँकेने हात कसा आखडावा? आणि थकबाकी उघड केली तर बँकेच्या नावाला बट्टा लागेल, हेही त्यात होतेच. ज्याने अडीअडचणीत हात दिला त्याला अंतर न देणे आणि आपल्या संस्थेचे नाव राखणे हे दोन्ही गुण आम्ही मुलांना शिकवितो. आणि याच दोन गुणांच्या बळावर लाखो ठेवीदारांचा संसार बुडाला.

येथे भीष्माचार्य आठवल्यावाचून राहत नाहीत. युद्धारंभी धर्मराज त्यांना वंदन करावयास गेला तेव्हा त्या महापुरुषाने, कौरवांच्या अर्थाने मी बांधला गेलो आहे, अशा आशयाची कबुली दिली. ज्ञान कमी नव्हते, शौर्य कमी नव्हते, न्याय कोणत्या पक्षाचा हेही ठाऊक होते. बाधले ते उपकाराचे ओझे. द्यूतसभेत एका स्त्रीने धर्माचा प्रश्न विचारला असता तो थोर पुरुष धर्माची गती सूक्ष्म असल्याचे सांगून थांबला. संस्थेच्या चालकांच्या खोलीत असेच होते. सर्वांत वडील, सर्वांत जाणता मनुष्य धर्माची सूक्ष्मता सांगतो आणि ठराव संमत होतो.

पण मग उपकाराची फेड करूच नये काय? करावी, अवश्य करावी. स्वतःच्या पदरचे देऊन करावी. तुकोबांच्या चरित्रातला एक प्रसंग सर्वांना तोंडपाठ आहे. कर्जखते इंद्रायणीत बुडविली, एवढे आपण सांगतो. कथेतला बारकावा मात्र आपण घाईत सोडून देतो. धाकटे बंधू कान्होबा यांनी आपल्या वाट्याची खते मागून घेतली, आणि तुकोबांनी बुडविली ती केवळ आपल्या वाट्याची. वैराग्याच्या एवढ्या भरतीतही भावाच्या वाट्याला त्यांनी हात लावला नाही! बँकेच्या चालकाने हा प्रसंग भिंतीवर लावून ठेवावा. ठेवीदारांची खते ही कान्होबाच्या वाट्याची खते आहेत.

यावर एका विद्वान गृहस्थांनी, बोरिवलीस कीर्तन संपल्यावर चहा घेता घेता, आम्हांस बिनतोड वाटावा असा प्रश्न केला. 'बुवा, मग दामाजीपंतांचे काय? त्यांनी तर बादशहाचे धान्य लुटविले. ते कुठे त्यांच्या वाट्याचे होते?' प्रश्न खरा आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारे उघडली, ती मालकाच्या परवानगीवाचून. पण पुढचे पाहा. त्यांनी धान्य दिले ते दिवसाढवळ्या दिले. कोठारात भुसा भरून वर धान्याचा थर पसरला नाही. खोट्या कुळांच्या नावे उचल दाखविली नाही. बेदरहून बोलावणे आले तेव्हा ते स्वतः निघाले, शिक्षा माहीत असून निघाले. विठू महाराच्या रूपाने पांडुरंगाने रक्कम भरली हा भक्तीचा भाग आहे, आणि तो आम्ही डोळ्यांत पाणी आणून सांगतो. परंतु पांडुरंग येणार आहे हे दामाजीपंतांना ठाऊक नव्हते, हे विसरता कामा नये. जो अधिकारी नियम मोडून दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच वरिष्ठांपुढे उभा राहतो, त्याला दामाजीचे नाव घेण्याचा अधिकार आहे. जो कागद बदलतो त्याला नाही.

कागद बदलण्याची विद्या जुनी आहे. सरकारी पैसा खाण्याचे चाळीस प्रकार कौटिल्याने मोजून ठेवले आहेत, त्यांत न आलेले आले म्हणून लिहिणे आणि आलेले न आले म्हणून लिहिणे हेही आहे. दोन हजार वर्षांत यंत्र तेवढे बदलले. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेच्या प्रभादेवी व गोरेगाव येथील तिजोऱ्यांत १२२ कोटींची रोकड कमी असल्याचे प्रकरण उघडकीस आले आणि पुन्हा एकदा उपनगरांत रांगा लागल्या. हीच बँक १९६८ साली जॉर्ज फर्नांडिस यांच्या पुढाकाराने बॉम्बे लेबर को-ऑपरेटिव्ह बँक म्हणून, म्हणजे कामगारांच्या चार पैशांसाठी, निघाली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये सारस्वत बँकेने तिला पदरात घेतले, म्हणून पुष्कळांचे निभावले. तिजोरीत रोकड आहे की नाही, हे पाहण्यास वेदान्त लागत नाही, मोजावी लागते.

मोजण्याची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. देवगडावर जनार्दनस्वामींच्या पदरी असताना एकनाथमहाराज एका रात्री हिशेबात एका पैची चूक शोधीत बसले, पहाटे ती सापडली आणि आनंदाने त्यांनी टाळी वाजविली. हे आख्यान लावताना आम्ही सारे कीर्तनकार एकाग्रतेवर घसरतो. पैसाठी जे चित्त असे लागले ते देवाकडे लागले तर काय होईल, असे म्हणून हरिनामाचा गजर करतो. ते योग्यच आहे. पण या प्रकरणानंतर आम्ही उत्तररंगात थोडे अधिक थांबू लागलो. पै एकच होती, तीही नाथांची नव्हती. दुर्लक्ष केले असते तर कोणी विचारणार नव्हते. जनार्दनस्वामी किल्ल्याचे अधिकारी, हिशेब राज्याचा. परक्याच्या एका पैसाठी तेलवात जाळणारा हा मनुष्य पुढे भागवतावर टीका लिहितो, यात आम्हांस योगायोग दिसत नाही.

भांडुपच्या बँकेत असा दिवा कोणी लावलाच नाही, असेही नाही. हे प्रकरण रिझर्व बँकेच्या कानी घालण्यात बँकेच्या कर्जविभागातील काही महिला कर्मचारी होत्या, असे त्या वेळी वृत्तपत्रांत आले होते. संचालकांची नावे सर्वांनी वाचली, या बायकांची नावे कोणास ठाऊक नाहीत. घरी त्यांच्याही मुलांची फी भरावयाची असेल, आणि बँक बुडाली तर नोकरीही बुडणार हे त्यांना कळत असेल. नेतृत्व म्हणजे वरच्या मजल्यावरची खोली, ही समजूत आपण सोडली पाहिजे. द्यूतसभेत उघड विरोध केला तो विदुराने, आणि कौरवांतल्या एका धाकट्या भावाने, विकर्णाने. नवरात्रात आम्ही विकर्णावर आख्यान लावले तेव्हा अंधेरीच्या श्रोत्यांत कुजबूज झाली होती. हा कोण, असे तरुण मंडळी एकमेकांस विचारीत होती.

त्याच रात्री एक चाळिशीचे गृहस्थ मागे थांबले. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात ते माल-तपासणीचे काम पाहत. वरिष्ठांनी त्यांना सांगितले होते की, अमुक घाणीची चाचणी झालेली नसली तरी झाल्याचे लिहा व तारीख मागची घाला. गिऱ्हाईक घाईत आहे, माल बहुधा चांगलाच आहे. 'बुवा, सही केली तर मन खाते, न केली तर साहेब खातात. काय करू?' धाकटी बहीण लग्नाची, घराचा हप्ता चालू. अशा वेळी व्यासपीठावरून सत्याचा महिमा सांगणे फार सोपे असते; समोर मनुष्य उभा असला म्हणजे जीभ जड होते. आम्ही त्यांना एवढेच म्हटले की, 'अहो, साहेबांना नाही म्हणू नका आणि होयही म्हणू नका. चाचणीस किती वेळ लागतो?' म्हणाले, 'दीड दिवस.' 'मग तो दीड दिवस मागा, आणि लेखी मागा. कारण तोंडी सांगितलेले पाप लेखी मागितले की निम्म्या वेळा मागे घेतले जाते.' त्यांनी तसे केले. माल दोन दिवस उशिरा गेला आणि चांगलाही निघाला. दिवाळीनंतर त्यांची बदली भिवंडीच्या गुदामावर झाली. पगार तोच राहिला, येण्याजाण्याचे दोन तास वाढले. पत्नी आमच्यावर नाराज आहेत असे त्यांनी हसत सांगितले. ती नाराजी आम्ही मान्य करतो. धर्माने चालणाऱ्याचे सर्व गोड होते, असे कथेत सांगावे लागते. पण भिवंडीची बस चुकली की कथा आठवत नाही.

जे उद्योग उभे राहिले, टिकले आणि आपल्या शब्दाला जागले, अशीही उदाहरणे याच परिसरात आहेत. घाटकोपर ओलांडले की विक्रोळी लागते. तेथील गोदरेज कारखान्याचे मूळ पुरुष अर्देशीर गोदरेज हे पेशाने वकील. झांजिबारला एका दाव्यात, जे आपणास खरे वाटत नाही ते न्यायालयात ठासून सांगण्यास त्यांनी नकार दिला आणि वकिलीच सोडून ते मुंबईस परतले. मग उधारीच्या भांडवलावर शस्त्रक्रियेची हत्यारे बनविली. माल पसंत पडला. परंतु त्यावर 'हिंदुस्थानात तयार झालेला' असा शिक्का उठविण्यास गिऱ्हाईक राजी नव्हते. देशी शिक्क्याने खप होणार नाही, हे त्याचे म्हणणे व्यवहाराला धरूनच होते. अर्देशीर हटले नाहीत, आणि तो धंदा बुडाला. १८९७ साली लालबागला त्यांनी कुलपे करावयास घेतली. पुढे जनावरांच्या चरबीवाचून केवळ वनस्पती-तेलांचा साबण त्यांनी काढला, तेव्हा आपल्या आज्यांनी तो निःशंकपणे देवघरापर्यंत नेला. त्यांचे धाकटे बंधू पिरोजशा यांनी १९४३ च्या सुमारास विक्रोळीची जमीन घेतली, आणि स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी बारा लाखांहून अधिक पोलादी मतपेट्या १९५१ साली तेथेच तयार झाल्या. दोन धंद्यांत शब्दापायी अपयश घेतलेल्या पारशी गृहस्थाच्या कारखान्यात साऱ्या देशाचा कौल बंद करावयाच्या पेट्या बनाव्यात, हा योग आम्हांस फार आवडतो. कुलूप विकणाऱ्याला आपल्या नावावाचून दुसरे विकावयाचे तरी काय असते?

दुसरे उदाहरण प्रत्येक स्वयंपाकघरात आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील एका चाळीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटावयास बसल्या. छगनलाल करमसी पारेख या समाजसेवकांकडून घेतलेले ८० रुपये एवढेच भांडवल. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. आरंभी या भगिनींनी व्यापारी शहाणपणाने दोन प्रतीचे पापड काढले, एक उत्तम आणि एक जरा हलका, स्वस्त. छगनबापांनी त्यांना सांगितले की प्रत एकच ठेवा, आणि ती खाली येऊ देऊ नका. दुसरी गोष्ट ठरली ती अशी की, तोटा आला तरी कोणाकडून देणगी घ्यावयाची नाही. लिज्जत पापडाची ही संस्था. १९६६ मध्ये ती रीतसर नोंदली गेली आणि आज ४५,००० च्या आसपास भगिनी तिच्यात आहेत. त्या सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

आम्हांस यात विशेष वाटते ते निर्णय घेण्याच्या रीतीचे. पीठ शाखेत मळले जाते, भगिनी ते घरी नेऊन लाटतात, वाळलेले पापड परत आणतात, तपासून घेतले जातात आणि वणाई, म्हणजे लाटण्याची मजुरी, हाती मिळते. नफा आणि तोटा दोन्ही त्यांचे. २१ भगिनींचे मंडळ कारभार पाहते. पुरुष आहेत ते पगारी, हिशेबनीस किंवा वाहनचालक. निर्णय सर्वांच्या संमतीने घ्यावयाचा आणि एकीने जरी हरकत घेतली तरी तो अडतो, अशी तेथील पद्धत आहे. व्यवस्थापनशास्त्र शिकलेल्या एका मुलास आम्ही हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, 'मग काम कसे होते?' हळू होते. १९६१ साली मालाडला काढलेली शाखा चाललीही नाही. पण एका माणसाचा उपकार स्मरून दुसऱ्यांचे सहा हजार कोटी देण्याचा ठराव या पद्धतीत संमत झाला असता काय, असे आम्ही त्याला विचारले. पोरगा प्रामाणिक. 'एक तरी बाई उठली असती,' म्हणाला.

शेवटी आपल्या दाराशी येतो. बँका आणि कारखाने राहू द्या. या उपनगरांत प्रत्येक इमारत ही एक संस्था आहे, तिला अध्यक्ष आहे, चिटणीस आहे, खजिनदार आहे, आणि इमारतीच्या दुरुस्तीसाठी साठविलेला निधी आहे. भांडुपच्या बँकेत कित्येक सोसायट्यांचे असे निधी अडकले. विलीनीकरणाच्या योजनेत संस्थांच्या विम्याबाहेरील ठेवींचा ऐंशी टक्के भाग प्राधान्य-भागांत बदलला गेला, म्हणजे हातात पैसा नव्हे, भागपत्र आले. मुलुंडच्या एका सोसायटीत आमचा उतारा असतो. तेथे सारी रक्कम अर्धा टक्का अधिक व्याजासाठी एकाच ठिकाणी ठेवलेली होती, ठराव एकमताने झालेला होता, आणि त्या सभेस सात माणसे हजर होती. गच्चीची गळती मग पुढली तीन वर्षे तशीच राहिली. वरच्या मजल्यावरच्या आजी पावसाळ्यात देवघरावर प्लास्टिक बांधीत.

त्या सोसायटीने आता एक रीत पाडली आहे. लक्ष्मीपूजनाच्या आधीच्या रविवारी सकाळी दहा वाजता वाहनतळात सतरंज्या टाकतात. प्रत्येक घरातून एकाने यावयाचे. खजिनदारीणबाई ठेवींच्या पावत्या एकेक करून मोठ्याने वाचतात: कोणती बँक, रक्कम किती, मुदत केव्हा, व्याज किती. ठेवी आता चार बँकांत आहेत. वाचून झाल्यावर त्या विचारतात, 'कोणाची हरकत?' आणि मान वर करून थोडा वेळ थांबतात. गेल्या खेपेस मागून एका नववीतल्या मुलीने हात वर केला. एका पावतीवरची तारीख उलटून गेली होती आणि रक्कम महिनाभर बिनव्याजी पडली होती. खजिनदारीणबाईंनी चष्मा पुसून पावती पुन्हा पाहिली, वहीत टिपून घेतले, आणि मगच पोह्यांची ताटे फिरली.